रोमन पायदळ : भाला गेला, तलवार आली, आणि शेवटी परत भालाच आला. असं का?

तिरकीरेघ (धागाकर्ता)

रोमन सैनिक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच बाबा येतो. लाल अंगरखा, लोखंडी पट्ट्यांचं चिलखत, चौकोनी वाकडी ढाल, आखूड तलवार. पिक्चरवाल्यांनी हे इतकं पक्कं करून ठेवलंय की हॅनिबलशी (कार्थेजचा सेनापती, इ.स.पू. तिसरं शतक) लढणारा पण तोच आणि गॉथांशी (जर्मन टोळी, इ.स. चौथं शतक) लढणारा पण तोच. प्रत्यक्षात हा अवतार फार तर अडीच-तीनशे वर्षं टिकला आणि तेव्हाही तो सगळ्यांच्या अंगावर नव्हता. त्याच्या आधी चारपाचशे वर्षं आणि नंतर दोनेकशे वर्षं रोमन पायदळ वेगळंच दिसायचं, वेगळंच लढायचं.

हत्यारांच्या याद्या नेटवर पोत्याने मिळतात म्हणून ते करत बसत नाही. मला जे म्हणायचंय ते एवढंच की तलवार किती इंचाची आणि भाला किती फुटाचा हे बघण्याआधी शेजारशेजारच्या दोन सैनिकांत जागा किती सोडलीय ते बघा, बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा तिथूनच होतो.

सुरुवात ग्रीकांच्या उसनवारीवर. गोल ढाल, लांब भाला, खांद्याला खांदा लावून उभी फळी. हत्यार ज्याचं त्याने आपल्या पैशाने आणायचं, त्यामुळे पैसेवाला पुढे पूर्ण चिलखतात आणि गरीब मागे गोफण घेऊन. सपाट मैदानात शेजारच्या गावाशी भांडायला एवढं पुरायचं. पण इ.स.पू. चौथ्या शतकात रोमन लोक सॅमनाइटांच्या (इटलीतलेच डोंगरी लोक) डोंगरात शिरले आणि तिथे अशी सलग फळी चालवणं म्हणजे अशक्य काम, एक ओढा आडवा आला की फळी तुटली. इ.स.पू. ३२१ मध्ये कॉडाइन खिंडीत अख्खी फौज दोन्ही बाजूंनी कोंडली गेली आणि न लढता शरण आली, सगळ्यांना भाल्यांच्या कमानीखालून वाकून जायला लावलं. साधारण याच काळात कधीतरी फळीचे तुकडे पडले आणि मॅनिपल, म्हणजे छोटी सुटी तुकडी, आली.

मॅनिपलची व्यवस्था पॉलिबियसने (इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार) आकड्यांसकट दिलीय. पुढे १२०० हस्ताती (तरुण), त्यांच्यामागे १२०० प्रिन्सिपेस (भरात आलेले), सगळ्यात मागे ६०० त्रिआरी (मुरलेले), आणि सगळ्यांपुढे १२०० वेलिटेस, म्हणजे सगळ्यात गरीब आणि सगळ्यात लहान पोरं. एका लिजनमध्ये (रोमन फौजेचा मुख्य विभाग) एकूण ४२०० पायदळ आणि ३०० घोडेस्वार. पुढच्या दोन ओळींत १२० माणसांच्या दहा-दहा तुकड्या, तुकड्यांमध्ये मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेच्या मागे दुसऱ्या ओळीची तुकडी. हस्ताती दमले की फटीतून मागे, प्रिन्सिपेस पुढे. त्रिआरी एक गुडघा टेकून, ढाल खांद्याला लावून बसून राहायचे. त्यांची पाळी आली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं असं रोमन लोक समजायचे, तशी म्हणच होती त्यांच्यात.

आणि मुख्य म्हणजे माणसामाणसातलं अंतर. पॉलिबियस म्हणतो की शस्त्र घेऊन उभा राहिलेला रोमन तीन फूट जागा घेतो, पण ढाल फिरवायला आणि तलवार चालवायला आजूबाजूला अजून किमान तीन फूट मोकळे लागतात. मॅसिडोनियन भालाईत मात्र फक्त तीन फुटात. म्हणजे एका रोमनसमोर दोन भालाईत, आणि मागच्या रांगांचे भाले धरले तर छातीवर दहा टोकं. कागदावर रोमन मेलाच. तरी इ.स.पू. १९७ ला सायनोसेफाले आणि १६८ ला पिडना, दोन्हीकडे रोमनच जिंकले.

हे सहा फूट लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास ते कधी मिळाले आणि कधी गेले याचा आहे. बाकी प्रतिसादांत बोलू, टायपून बोटं दुखली.


मिरचीभजी

मस्त धागा! वाचनखूण साठवली. एक शंका, तो पिलम नावाचा फेकायचा भाला मुद्दाम वाकेल असा बनवायचे ना? म्हणजे समोरच्याने उचलून परत फेकू नये म्हणून? सगळ्या व्हिडिओत हेच सांगतात.


तिरकीरेघ

@मिरचीभजी, व्हिडिओवाल्यांनी दोन वेगळ्या भाल्यांची खिचडी केलीय. पहिल्या आघाताला वाकतो आणि म्हणून शत्रूला परत फेकता येत नाही, हे पॉलिबियस वेलिटेस पोरांच्या हलक्या भाल्याबद्दल म्हणतो. जड पिलमबद्दल तो अगदी उलटं सांगतो, की लोखंड लाकडी दांड्यात अर्ध्यापर्यंत घालून इतके रिव्हेट मारतात की सांधा सुटण्याआधी लोखंड मोडेल.

पिलमची खरी गंमत त्याच्या लांब बारीक मानेत आहे. टोक छोटं, त्यामागे हातभर बारीक लोखंडी दांडी, आणि मागे जड लाकूड. टोकाने ढालीला भोक पाडलं की बारीक दांडी त्या भोकातून अडकल्याशिवाय आत सरकते, मागच्या लाकडाचं वजन तिला रेटत राहतं आणि ढालीच्या आड असलेल्या माणसापर्यंत टोक पोचतं. साध्या भाल्याचं पातं ढालीत रुतून बसतं, पुढे जात नाही.

वाकण्याचा फायदा व्हायचा, नाही असं नाही. सीझरने इ.स.पू. ५८ च्या हेल्व्हेशियन टोळीशी झालेल्या लढाईबद्दल लिहिलंय की एकाच पिलमने दोन-दोन ढाली एकमेकींत खिळल्या गेल्या, लोखंड वाकलं, उपटता येईना, डाव्या हाताला ते लोढणं घेऊन लढता येईना, शेवटी बऱ्याच जणांनी ढाली फेकून दिल्या आणि उघड्या अंगाने लढले. आणि मारियस या रोमन सेनापतीने इ.स.पू. १०१ ला किंब्री टोळीशी लढाई व्हायच्या आधी दोन लोखंडी खिळ्यांपैकी एक काढून त्याजागी लाकडी खुंटी घातली असं प्लुटार्क सांगतो. ढालीवर आदळलं की खुंटी मोडणार आणि दांडा लोंबत जमिनीवर घासत राहणार. म्हणजे आधी सांधा भक्कम हवा होता, मग कमजोर हवा झाला. पन्नास-साठ वर्षांत उलट विचार!


नाना_डोंबिवलीकर

लेख चांगला आहे पण मॅसिडोनियन भालाईत एवढे सोपे नव्हते हो. एपिरसचा ग्रीक राजा पिऱ्हस याने इ.स.पू. २८० ला हेराक्लिया आणि २७९ ला अस्क्युलम अशा दोन लढायांत याच मॅनिपलवाल्या रोमनांना हाणलं होतं, माणसं त्याचीही खूप गेली ते सोडा. समोरून भाल्यांच्या भिंतीवर चालून जाणं म्हणजे आत्महत्याच. पिडनाला सेनापती पाउलसने ती भिंत येताना बघितली आणि नंतर म्हातारपणापर्यंत सांगत असे की यापेक्षा भयंकर काही मी पाहिलं नाही.

सायनोसेफालेला काय झालं ते नीट बघा. धुकं, डोंगर, दोन्ही फौजा एकमेकांवर अचानक आदळल्या. मॅसिडोनियाचा राजा फिलिपची उजवी बगल तयार होती आणि तिने रोमनांना उतारावरून खाली रेटत नेलं. डावी बगल अजून टेकडीवर चढून रांगा लावतच होती, तिच्यावर रोमन सेनापती फ्लॅमिनिनसने हत्ती घातले, ती फुटली. मग एका ट्रिब्युनने, नावही दिलेलं नाही त्याचं, कोणाला न विचारता २० मॅनिपल घेतल्या आणि जिंकत चाललेल्या उजव्या बगलेच्या पाठीत घुसवल्या. सहा मीटरचा भाला घेतलेला माणूस मागे वळू शकत नाही, संपला विषय. त्यामुळे तलवारीने भाल्याला हरवलं असं म्हणण्यापेक्षा तुकड्या सुट्या होत्या आणि कनिष्ठ अधिकाऱ्याला डोकं चालवायची मुभा होती म्हणून जिंकले, असं म्हणा.


तिरकीरेघ

नानांशी सहमत, फक्त एवढं जोडतो की सुट्या तुकड्या आणि आखूड तलवार ही एकाच धोरणाची दोन अंगं आहेत. भाल्याची ताकद शेजाऱ्यावर अवलंबून, एकट्या माणसाच्या हातात तो लांब भाला म्हणजे अडगळ. मोठी ढाल आणि तलवार घेतलेला माणूस मात्र एकटा पडला तरी लढू शकतो. पिडनालाही तेच झालं, खडबडीत जमिनीवर भाल्यांची भिंत पुढे सरकली तशा तिला फटी पडल्या, पाउलसने छोट्या छोट्या टोळक्यांना त्या फटीत शिरायला सांगितलं आणि आत शिरल्यावर रोमनांना मैदान मोकळं. भालाइताच्या कमरेला असलेली छोटी सुरी रोमन ढालीपुढे कुठे पुरणार.

तलवारीबद्दल अजून एक. ग्लॅडियस फक्त भोसकायला असं जे सांगतात ते अर्धवट आहे. स्पेनवरून उचललेली ती जुनी ग्लॅडियस बऱ्यापैकी लांब होती, ६० सेंटिमीटरच्या वर पातं. इ.स.पू. २०० ला एका चकमकीनंतर मॅसिडोनियन लोकांनी आपल्या मेलेल्यांची प्रेतं पाहिली, खांद्यापासून तुटलेले हात, उडालेली मुंडकी, आणि हादरले असं लिव्ही सांगतो. आखूड, सरळ दोन धारांची, जी आपल्याला माहितेय ती पाँपेईवाली, पातं जेमतेम ४५-५० सेंटिमीटर, ती तर नंतर इ.स.च्या पहिल्या शतकात आली.


कोपऱ्यातलाघर

मग हॅनिबलने रोमनांना चिरडलं त्या कॅनेला काय झालं? तिथे तर मॅनिपलही होत्या, तलवारीही होत्या, वर संख्याही जास्त होती.


तिरकीरेघ

@कोपऱ्यातलाघर, बरोब्बर प्रश्न. इ.स.पू. २१६, पॉलिबियसच्या हिशोबाने ८०,००० पायदळ. एवढी माणसं घेऊन रोमन सेनापती वर्रोने काय केलं तर मॅनिपलमधल्या फटी कमी केल्या आणि रुंदीपेक्षा खोली कितीतरी पट वाढवली, की रेटून मधोमध फोडू. म्हणजे रोमनांनी शंभरेक वर्षं घासूनपुसून जी मोकळी जागा मिळवली होती ती स्वतःच्या हाताने घालवली. हॅनिबलचा मधला भाग मागे हटत गेला, रोमन आत आत घुसत गेले, दोन्ही बाजूंनी आफ्रिकन पायदळ वळलं, मागून घोडदळ. मधल्या माणसांना ढाल फिरवता येईना, तलवार उचलता येईना. आणि ते आफ्रिकन कोणती हत्यारं घेऊन आले होते? आधीच्या लढायांत लुटलेली रोमन हत्यारं! म्हणजे दोन्हीकडे हत्यार तेच, फरक जागेचा.

इ.स.पू. २०२ ला झामाला हॅनिबलसमोर रोमन सेनापती स्किपिओने याच्या उलट केलं. मॅनिपल एकामागे एक सरळ ओळीत लावल्या म्हणजे पुढून मागेपर्यंत सरळ गल्ल्या तयार झाल्या, तिथे वेलिटेस उभे करून त्या झाकल्या, आणि हत्ती आले तसे बरेचसे त्या गल्ल्यांतून पार निघून गेले.

पुढे इ.स.पू. ५७ ला सांब्र नदीवर सीझरची बारावी लिजन अशीच गोळा होऊन चिकटली होती, झेंडे एका जागी, माणसं एकमेकांच्या आड. सीझर मागच्या एका सैनिकाची ढाल हिसकावून पुढे गेला हे सगळे सांगतात, पण पुढे जाऊन त्याने हुकूम काय दिला ते कोणी सांगत नाही. त्याने सांगितलं की पुढे सरका आणि मॅनिपल सैल करा, म्हणजे तलवारी नीट चालवता येतील. धागा काढायचं मूळ कारण हे वाक्य आहे.


गुळाचाचहा

विरार लोकलमध्ये खिशातला मोबाईल वाजतोय आणि हात खाली जात नाही, तशी गत झाली असणार कॅनेला.


शून्यबेरीज

चर्चा रंगलीय पण पैशाबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, मला तोच भाग जास्त भावतो.

पॉलिबियसच्या काळात सगळे रोमन सैनिक एकसारखे दिसतच नव्हते. साध्या माणसाच्या छातीवर वीतभर पितळी पत्रा, बस्स. १०,००० द्राक्मांपेक्षा जास्त मालमत्ता असलेला असेल तर त्याच्या अंगात कड्यांचं चिलखत. कोण हस्ताती आणि कोण त्रिआरी ते वयावर ठरायचं पण वेलिटेस कोण ते गरिबीवरही ठरायचं. मग इ.स.पू. १२३ ला गायस ग्रॅकसने कायदा केला की सैनिकाचे कपडे सरकारी खर्चाने द्यायचे आणि त्यासाठी पगार कापायचा नाही. इ.स.पू. १०७ ला मारियसने मालमत्ता नसलेल्यांना भरती केलं. ज्याच्याकडे जमीन नाही तो हत्यार कुठून विकत घेणार, ते सरकारने किंवा सेनापतीनेच पुरवायचं. आणि ठोक पुरवठा म्हटला की माल एका साच्याचा होतो, मग तीन ओळींत तीन प्रकारची हत्यारं ठेवण्यात अर्थ राहत नाही. त्रिआरींचे भाले गेले, वेलिटेस गेले, सगळ्यांच्या हातात पिलम आणि ग्लॅडियस. मॅनिपलच्या जागी कोहॉर्ट आली, ८० माणसांच्या सहा सेंच्युरी म्हणजे ४८०, आणि अशा दहा कोहॉर्टची लिजन.

पण शाळेच्या पुस्तकात असतं तसं "मारियसच्या सुधारणा" म्हणून एक पॅकेज एका दिवसात लागू झालं असं अजिबात नाही. कोहॉर्ट स्पेनमधल्या लढायांत मारियसच्या कितीतरी आधीपासून वापरात होत्या. मालमत्तेची अट आधीच खाली खाली येत चालली होती. तलवारीच्या शिक्षणासाठी ग्लॅडिएटरांचे उस्ताद लष्करात आणले ते इ.स.पू. १०५ ला रुटिलियस रुफसने, मारियसने नाही. हे सगळं मारियसच्या खात्यावर गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या इतिहासकारांनी जमा केलं, कारण एका माणसाचं नाव दिलं की गोष्ट सांगायला सोपी जाते.

आणि सरकारने हत्यार दिलं म्हणजे फुकट दिलं असं समजू नका! इ.स. १४ मध्ये पहिला बादशहा ऑगस्टस मेल्यावर सरहद्दीवरच्या लिजननी बंड केलं तेव्हा त्यांची तक्रार काय होती, तर रोजचे दहा ॲस (तांब्याची नाणी) मिळतात त्यातूनच कपडे, हत्यारं, तंबू आणि वर सेंच्युरियनने (सेंच्युरीचा नायक) मारू नये म्हणून त्याला चारायची लाच, सगळं भागवावं लागतं.


तिरकीरेघ

शून्यबेरीज, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका राव.


उत्तरवारा

मी न्यूकॅसलजवळ राहते, रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत इथून फार लांब नाही, त्यामुळे चिलखताबद्दल थोडं. कॉर्ब्रिज नावाचं गाव आहे, तिथे १९६४ मध्ये उत्खननात एक लाकडी पेटी सापडली आणि तिच्यात ते पट्ट्यांचं चिलखत सुट्या भागांत भरून ठेवलेलं. तोपर्यंत हे चिलखत नक्की कसं जोडलं जायचं ते रोममधल्या बादशहा ट्रेजनच्या स्तंभावरच्या शिल्पांवरून अंदाजाने काढायचे. तिथल्या म्युझियममध्ये ते तुकडे बघायला मिळतात. माझ्या नवऱ्याला सगळा गंज दिसला, मी मात्र बराच वेळ काचेला नाक लावून उभी होते.

बघण्यासारखं काय आहे तर त्यातल्या पितळी बिजागऱ्या आणि बकला. मोठे पट्टे दणकट, पण त्यांना जोडणारं सामान एकदम नाजूक, आणि जिथे जिथे मोडलंय तिथे जुगाड करून रिव्हेट मारलेत. म्हणजे हे चिलखत घालून माणूस लढायचा कमी आणि दुरुस्त करत जास्त बसायचा! नंतरच्या काळातला जो प्रकार स्कॉटलंडमध्ये न्यूस्टेडला सापडला त्यात बिजागऱ्या काढून टाकल्यात, साधे रिव्हेट आणि मोठे हुक. आणि हे नुसतं ब्रिटनमधलं नाही, जर्मनीत काल्क्रीझला, जिथे इ.स. ९ मध्ये रोमन सेनापती व्हारसच्या तीन लिजन संपल्या असं मानतात, तिथे २०१८ ला जवळपास पूर्ण असं चिलखत मिळालं, ते आतापर्यंतचं सगळ्यात जुनं.

याउलट कड्यांचं चिलखत. बनवायला प्रचंड वेळ, हजारो कड्या एकेक करून ओवायच्या, पण एकदा बनलं की पिढ्यानपिढ्या चालतं, फाटलं तर चार कड्या घालायच्या, कुठल्याही अंगाला बसतं, गुंडाळून ठेवता येतं. ते मुळात केल्टांकडून घेतलेलं, पट्टेवाल्याच्या आधीपासून होतं आणि पट्टेवालं गेल्यावरही राहिलं. माझ्या मते पट्टेवालं गेलं यात ऱ्हास वगैरे काही नाही, वैतागून सोडलं असणार.

अजून एक, रुमानियात अदामक्लिसीला ट्रेजनच्याच डेशियन युद्धाचं स्मारक आहे. रोममधल्या स्तंभावर सगळे लिजनवाले चकाचक पट्ट्यांच्या चिलखतात. अदामक्लिसीच्या दगडांवर तेच लोक कड्यांच्या किंवा खवल्यांच्या चिलखतात आणि उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्ट्यांची बाही! कारण डेशियन लोकांकडे फाल्क्स नावाचं विळ्यासारखं आत वाकलेलं लांब पात्याचं हत्यार होतं, ते ढालीच्या वरून येऊन हात नाहीतर डोकं फोडायचं. शिरस्त्राणांवर आडव्या-उभ्या लोखंडी पट्ट्या ठोकल्या त्याही याच काळात, काही तर आधी बनवलेल्या शिरस्त्राणांवर नंतर मारलेल्या दिसतात.


मिरचीभजी

उत्तरवारा ताई, फोटो टाका ना!


रात्रपाळी

सगळं ठीक, पण शेवटाकडे येऊ या का. माझं मत स्पष्ट आहे, तिसऱ्या शतकानंतर रोमन पायदळ म्हणजे नावाला रोमन. जर्मन भरती, शिस्त गेली, पिलम गेलं, ग्लॅडियस गेली, चिलखत जड वाटतं म्हणून काढून ठेवलं. हे मी नाही म्हणत, व्हेजेशियस (शेवटच्या काळातला लष्करी लेखक) म्हणतो, बादशहा ग्रेशियनच्या काळापासून सैनिकांनी आधी चिलखत आणि मग शिरस्त्राण घालणं सोडलं. त्याच्या काळातला माणूस तो, त्याला कळत नव्हतं का?


नाना_डोंबिवलीकर

व्हेजेशियस लढवय्या नव्हता हो, जुनं तेच सोनं म्हणत बादशहाला अर्ज लिहिणारा माणूस. त्याच सुमाराच्या सरकारी यादीत ढाली, चिलखतं, तलवारी, बाण बनवणारे सरकारी कारखाने शहरांच्या नावांसकट दिलेत. चिलखत कोणी घालतच नव्हतं तर कारखाने काय परातीत बडवत होते?


तिरकीरेघ

@रात्रपाळी, तुमचा मुद्दा बऱ्याच जणांच्या मनात असतो म्हणून सविस्तर लिहितो.

भाला "ऱ्हास" झाल्यावर आला नाही, तो रोम जोरात असतानाच परत आला. साधारण इ.स. १३५ ला कॅपाडोशियाचा सुभेदार अॅरियन अलान घोडेस्वारांविरुद्ध फौज लावतो, त्याचा लेखी हुकूमच आपल्याकडे आहे. लिजनवाले आठ रांगांत, एकदम दाटून. पहिल्या चार रांगांच्या हातात लांब भाले, टोकं घोड्यांच्या छातीकडे रोखलेली. त्यांच्यामागे फेकभालेवाले, त्यांच्यामागे तिरंदाज, डोक्यावरून मारा करणारे. शत्रू माऱ्याच्या टप्प्यात येईपर्यंत सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि मग एकदम प्रचंड ओरडायचं. हेड्रियनचा काळ आहे हा! साम्राज्य जोरात. आणि दोघांमधली मोकळी जागा गेली, कारण घोड्यासमोर मोकळी जागा सोडणं म्हणजे त्याला दार उघडून देणं.

हा धडा इ.स.पू. ५३ ला कार्‍हेला मिळाला होता. रोमन सेनापती क्रॅससकडे सात लिजन, समोर पार्थियन (इराणी) घोडेस्वार तिरंदाज आणि बाणांनी लादलेले उंट. रोमनांना वाटलं बाण संपतील मग हातघाईवर येऊ, पण उंट बाण आणतच राहिले. पांगावं तर भालेवाले चिलखती घोडेस्वार अंगावर, दाटावं तर बाणांना सोपं. तलवार आणि पिलम, दोन्हीचा टप्पा वीस-पंचवीस पावलांचा, शत्रू त्या टप्प्यात आलाच नाही तर करणार काय. सतरा वर्षांनी अँटनीच्या माणसांनी त्याच पार्थियनांसमोर ढालींचं कासव केलं, पुढची रांग गुडघ्यावर, मागच्यांच्या ढाली डोक्यावर. पार्थियनांना वाटलं हे दमून बसले, ते घोड्यांवरून उतरून जवळ आले आणि रोमन एकदम उठून तुटून पडले. पण दर वेळी शत्रू असा फसत नसतो.

तिसऱ्या शतकापर्यंत समोर इराणचे ससानी आहेत, गॉथ आहेत, घोडदळ वाढत चाललंय. तेव्हा पायदळाकडून अपेक्षा काय, तर भिंत बनून उभं राहा. भिंतीला भाला लागतो, अंडाकार सपाटसर ढाल लागते जी शेजारच्याच्या ढालीवर चढवता येते (ती वाकडी चौकोनी चढत नाही), आणि भाला मोडला तर जरा लांबून वार करता यावा म्हणून ७० सेंटिमीटरच्या वरची स्पाथा, जी आधी घोडेस्वारांची होती. युफ्रेटिसवरचं दुरा-युरोपोस इ.स. २५६ च्या सुमारास ससानींनी घेतलं, तिथल्या उत्खननात रंगवलेली वाकडी आयताकार ढालही मिळाली आणि अंडाकार ढालीही. म्हणजे जुनं-नवं एकाच वेळी एकाच छावणीत चालू होतं.

आणि शिस्तीचं म्हणाल तर इ.स. ३५७ स्ट्रासबर्ग. रोमन सेनापती ज्युलियनकडे १३,००० माणसं, समोर अलामानी (जर्मन टोळ्या) कितीतरी जास्त. रोमन चिलखती घोडदळ पळालं, पायदळ नाही पळालं. अलामानी मधोमध घुसले, आतली लिजन हलली नाही. शेवटी रोमनांचे २४३ सैनिक आणि ४ अधिकारी मेले आणि अलामानींची ६००० प्रेतं मोजली. हे तुमच्या "नावाला रोमन" लोकांनी केलंय.


रात्रपाळी

ठीक, स्ट्रासबर्ग मान्य. पण वीस वर्षांनी एड्रियानोपलला गॉथांनी कापून काढलं त्याचं काय?


तिरकीरेघ

९ ऑगस्ट ३७८. सकाळपासून रणरणत्या उन्हात चालवत आणलेली उपाशी तहानलेली माणसं, गॉथांनी मुद्दाम लावलेल्या आगीचा धूर, तह चालू असतानाच काही तुकड्यांनी परवानगी न घेता हल्ला सुरू केला, आणि डावीकडचं घोडदळ पुढे जाऊन एकटं पडलं नि कापलं गेलं. पायदळ उघडं पडलं. अम्मियानस, जो स्वतः लष्करात होता, लिहितो की माणसं इतकी दाटली की तलवार उपसता येईना, हात मागे घेता येईना. फौजेचा जेमतेम एक तृतीयांश भाग वाचला, बादशहा व्हॅलेन्सचं प्रेतही मिळालं नाही. कॅनेनंतर अशी कत्तल झाली नव्हती असं अम्मियानसच म्हणतो. मध्ये जवळपास ६०० वर्षं, हत्यारं सगळी बदललेली, आणि मरायची पद्धत तीच.

त्यामुळे दाट फळी वाईट आणि सैल फळी चांगली असंही मला म्हणायचं नाही. दाट फळीला बगलेवर घोडदळ लागतंच, ते गेलं की ती भिंत न राहता कोंडवाडा होते.


गडेकोटी

छान चर्चा. पानिपतला आपली फळी...


नाना_डोंबिवलीकर

गडेकोटी, नको. पानिपतचा वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येऊ तिकडे भांडायला.


शून्यबेरीज

एक राहिलं. या भाल्यावाल्या शेवटच्या पायदळाकडे फेकायला काहीच नव्हतं का? मागच्या रांगा नुसत्या उभ्या?


तिरकीरेघ

होतं की. पिलमची जागा वेगवेगळ्या हलक्या-जड फेकभाल्यांनी घेतली आणि शिवाय प्लुंबाता आल्या. हातभर लांबीचा पिसं लावलेला बाणच म्हणा, पण मध्ये शिशाचा गोळा ओतलेला. हाताने फेकायचा, वजनामुळे साध्या फेकभाल्यापेक्षा लांब जातो आणि वरून पडताना घोड्याच्या पाठीत नाहीतर माणसाच्या खांद्यात बसतो. एकेक माणूस असे पाच ढालीच्या आतल्या बाजूला अडकवून ठेवायचा, म्हणजे भाल्याचा हात रिकामा. व्हेजेशियस सांगतो की इलिरिकममधल्या दोन लिजन यात इतक्या तरबेज होत्या की डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन गादीवर आल्यावर त्यांनी त्या दोघींना आपापल्या देवांची नावं दिली, ज्युपिटरवरून जोव्हियानी आणि हर्क्युलिसवरून हर्क्युलियानी, आणि बाकी सगळ्या लिजनच्या वर बसवलं.


रात्रपाळी

म्हणजे पाच गोळे ढालीत घेऊन वर ती ढाल तासन् तास धरायची. वजन किती होत असेल?


उत्तरवारा

इकडे हौशी लोक जुन्या नमुन्यावरून प्लुंबाता बनवून फेकतात, जत्रेत एक हातात घेतली होती, वरणाच्या डावाएवढी पण नाही वाटली. फेकली मात्र मी बाजूच्या तंबूवर.

@मिरचीभजी, फोटो रविवारी टाकते, फोनमधून काढायचेत.